पत्र्याखालची अँटेना

२६ मार्च, रविवार

वाशाला एका हाताने मिठी मारून दुसऱ्या हाताने अँटेना फिरवत होतो, तेव्हा खालून टीव्हीसमोरून कमल ओरडली, "मुंग्या!"

थोडी उत्तरेला नेली.

"मुंग्याच!"

थोडी पश्चिमेला. डोकं पत्र्याला लागलं. दुपारी माळ्यावरचा पत्रा तव्यासारखा असतो.

"आता मोठ्या मुंग्या!"

"मोठ्या म्हणजे जवळ आलं," मी वरून म्हणालो.

"काय जवळ उनं?" कमल म्हणाली. माझी बायको शांत असली की शाळेतलं मराठी बोलते. चिडली की माहेरची अहिराणी.

अँटेना आधी पत्र्याच्या वर होती, खांबावर. गेल्या वर्षी वळवाच्या वादळात खांब शेजारच्या नूर महंमदच्या गच्चीवर पडला आणि त्याची प्लास्टिकची टाकी फुटली. नूर गल्लीसमोर म्हणाला, "तोतारामभाऊ, परत खांब उभा केला तर मी त्याला म्हैस बांधीन. डिश लावा की. सगळी साक्री लावते." मी म्हणालो, खांब उभारणार नाही आणि डिशही लावणार नाही. तेव्हापासून आमचा अबोला आहे. नूरने लोखंडी पत्र्याची टाकी बसवली. मी अँटेना माळ्यावर नेली. दोघांनीही शब्द पाळला.

पत्र्याखाली लहरी येतील का, ही शंका मलाही होती. पण पावसाचा आवाज पत्र्यातून येतो. उन्हाचा ताप येतो. लहरी तर त्याहून बारीक असतात.

चित्र शून्य. नोकरीत मी पाऊस मोजत असे. पडला नाही तर शून्य लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. ती सवय राहिली आहे.

२७ मार्च, सोमवार

रूपाचा सुरतहून फोन. अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, येते आहे, नवलला घेऊन. त्याला चष्मा लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाईल बंद केला आहे. टीव्ही लांबून चालेल म्हणाले.

"बाबा, टीव्ही चालू आहे ना? मागच्या वेळी तो नूरचाचांकडेच बसून होता. आता तर तुम्ही बोलत नाही. टीव्ही नसेल तर मी दोन दिवसांत परत जाईन. सातवं वर्ष चाललंय त्याला, घर डोक्यावर घेतो."

मी म्हणालो, "चालू आहे."

फोन ठेवल्यावर कमलने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "डिश लावा."

डिश वाईट नाही. पण ती नूरने सुचवली आहे. दुसऱ्या कुणी सुचवली असती तर विचार केला असता.

पोर वर्षातून एकदा माहेरी येते. दोन दिवस पुरत नाहीत.

३० मार्च, गुरुवार

धुळ्याला जाऊन बूस्टर आणला. तीन दुकानांत हसले. चौथ्या दुकानदाराने शिडी लावून माळ्यावरून खोका काढला, फुंकर मारली आणि विचारलं, "नाना, हा कशाला हवाय?"

"माळ्यावर लावायचाय."

"मग याला जागा बदलल्यासारखं वाटणार नाही," तो म्हणाला.

पुढे म्हणाला की साक्रीकडचा दूरदर्शनचा टॉवर कधीच बंद झाला. मी त्याला सांगितलं, मी सरकारी नोकरीत होतो. सरकारी गोष्ट अशी न सांगता बंद होत नाही. परिपत्रक निघतं.

३१ मार्च, शुक्रवार

बूस्टर बसवला. लाल दिवा लागतो. मुंग्या अधिक स्पष्ट झाल्या.

२ एप्रिल, रविवार

आज प्रामाणिकपणे लिहितो. मला वाटतं, येणार नाही.

सकाळपासून अँटेना आठही दिशांना धरून पाहिली. उलटी धरली. कमलने वर येऊन पाणी दिलं आणि माळ्याच्या खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहत राहिली. ही खिडकी नूरच्या गच्चीवर उघडते. तिथे त्याची टाकी आहे आणि डिश. नूर टाकीच्या सावलीत बसला होता. रोजे चालू आहेत, त्यामुळे तो दुपारी दुकानात जात नाही. त्याचं बाजारात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पूर्वी तो अशा वेळी खिडकीशी येऊन म्हणायचा, काय भाऊ, किती पडला पाऊस? भर उन्हाळ्यात विचारायचा.

त्याने वर पाहिलं. मी अँटेनाकडे पाहिलं.

संध्याकाळी कमल ज्वारीचे बिबडे घेऊन नूरच्या बायकोकडे, जरीनाकडे गेली. अबोला आम्हा पुरुषांचा आहे, बायकांनी तो घेतलेला नाही. बऱ्याच वेळाने परत आली. म्हणाली, "उद्या पिंपळनेरला तुमच्या भावाकडे जाऊन या. डोकं थंड होईल."

"अँटेना?"

"ती कुठे जाते पत्र्याखालून?"

३ एप्रिल, सोमवार

चित्र आलं.

पिंपळनेरहून संध्याकाळी परतलो, तर कमल टीव्हीसमोर बसून स्वयंपाकाचा कार्यक्रम पाहत होती. रंग स्वच्छ. आवाज स्वच्छ. एक मुंगी नाही.

"कधी आलं?"

"दुपारी. आपोआप."

मी लगेच वर गेलो. अँटेना मी सोडली तशीच होती, दक्षिणेकडे तोंड करून. म्हणजे दक्षिण. धुळीत पावलांच्या खुणा आहेत. मांजर असावं. मांजर चप्पल घालत नाही, पण धुळीत खुणा पसरतात. बूस्टरजवळ लाल मुठीची एक पक्कड सापडली. आपलीच असेल. बूस्टरमधून एक काळी वायर निघून खिडकीबाहेर गेलेली आहे. मला ती जोडल्याचं आठवत नाही.

कमल म्हणाली, "अर्थिंगची आहे. तुम्हीच जोडली."

वयाप्रमाणे विसर पडतो. हेही नोंदवून ठेवावं.

६ एप्रिल, गुरुवार

दूरदर्शन फार सुधारलं आहे. पूर्वी शेतीचा कार्यक्रम, मग बातम्या, मग शांतता. आता दुपारी लहान मुलांची चित्रं, नंतर स्वयंपाक, अधूनमधून क्रिकेट. कोपऱ्यातलं चिन्ह सारखं बदलतं. नवे साहेब आले की नवा शिक्का, हे आमच्या खात्यातही होतं.

एक दोष आहे. निवेदक वाक्य पूर्ण करत नाहीत. काल एक बाई म्हणाली, "आता यात आपण घालणार आहोत" आणि तिथेच एक वाघ हरणाच्या मागे धावू लागला. धांदल वाढली आहे.

७ एप्रिल, शुक्रवार

दुपारच्या वेळी चित्र गेलं, तासाभराने आलं. सूर्य डोक्यावर असल्याचा परिणाम असावा. पण सूर्य काल गुरुवारीही डोक्यावर होता. पुढच्या शुक्रवारी पाहायला हवं.

सूर्यास्तालाही जातं. पत्रा थंड होताना आकसतो, त्यामुळे.

१० एप्रिल, सोमवार

गल्लीत भटूचं चहाचं दुकान आहे. त्याला चित्राचं सांगितलं. म्हणाला, "नाना, टॉवर बंद व्हईसन किती दिवस व्हयनात!"

मी त्याला हाताला धरून घरी आणलं. त्याने टीव्ही पाहिला. मग म्हणाला, अँटेना दाखवा. माळ्यावर नेला. त्याने अँटेना पाहिली, बूस्टर पाहिला, काळी वायर पाहिली, खिडकीतून डोकं बाहेर काढून नूरची गच्ची पाहिली. खूप वेळ डोकं आत घेतलं नाही. त्याचे खांदे हलत होते. माळ्यावर धूळ फार आहे.

"काय म्हणतोस?"

"चमत्कार शे, नाना," तो म्हणाला आणि डोळे पुसले.

कमलने त्याला दाराशी गाठून काहीतरी सांगितलं. नंतर विचारलं तर म्हणाली, दुधाचं.

१४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी पुन्हा गेलं. शुक्रवारच. सूर्य आणि वार यांचा संबंध कुणी तपासला आहे का, कळत नाही.

१६ एप्रिल, रविवार

आज एका विनोदी कार्यक्रमात एक माणूस कोंबडी परत करायला पोलीस ठाण्यात जातो. फौजदार विचारतो, कोंबडीचं म्हणणं काय? मी मोठ्याने हसलो. त्याच क्षणी भिंतीपलीकडे नूर हसला. त्याचं हसणं मला ओळखू येतं. आधी खोकल्यासारखं सुरू होतं.

मग फौजदार कोंबडीचा जबाब घेतो. पुन्हा दोघंही हसलो.

म्हणजे नूरही आता दूरदर्शन पाहतो. डिश असून.

 उरलेला कार्यक्रम मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून पाहिला.

१८ एप्रिल, मंगळवार

सकाळपासून लहान मुलांची चित्रं. मी वैतागून मोठ्याने म्हणालो, "या घरात बातम्या कधी दिसणार?" आमची भिंत पातळ आहे, मोठ्याने बोलू नये. थोड्या वेळाने बातम्या लागल्या. वेळापत्रक कुठेतरी मिळालं पाहिजे.

२० एप्रिल, गुरुवार

रूपा आणि नवल आले. नवलचा चष्मा निळ्या काडीचा आहे. तो आत आला, टीव्ही पाहिला, पिशवी टाकली आणि दूर भिंतीला टेकून बसला. डॉक्टरांनी सांगितलं तितका दूर.

"आबा, तुमचा टीव्ही डब्यासारखा का आहे?"

"जुना आहे."

"पण चॅनल चांगलं आहे."

रूपा म्हणाली, आठ दिवस राहीन म्हणते.

२१ एप्रिल, शुक्रवार

दुपारी चित्र गेलं. मी नवलला सांगून ठेवलं होतं, शुक्रवार आहे, जाईल, परत येईल. गेलं आणि परत आलं. नवल माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला आहे.

संध्याकाळी चंद्र दिसला. उद्या ईद आणि उद्याच आखाजी. गल्लीच्या दोन्ही टोकांना रात्रीपासूनच तळणाचा वास.

२२ एप्रिल, शनिवार

सविस्तर लिहितो.

सकाळी कमलने पितरांची घागर भरून पूजली, वर खरबूज ठेवलं. खापरावर मांडे केले. रूपा गल्लीतल्या पोरींबरोबर झोक्यावर गेली. जरीनाकडून शीरखुर्मा आला, इकडून मांडे गेले. ताटं कमल आणि जरीनाने दारातच बदलली. आत नूरचा आवाज येत होता. दरवर्षी ईदच्या नमाजानंतर आम्ही गळाभेट घेतो. यंदा मी पडद्याआड उभा राहिलो. तो दारापर्यंत आला होता. माझे पाय पडद्याखालून दिसत असणार.

मग नूर, जरीना आणि त्यांची नात कशिश जरीनाच्या भावाकडे धुळ्याला गेले. दाराला कुलूप लागलं.

आणि चित्र गेलं.

शनिवार असून गेलं. सूर्यास्त लांब होता. नवल थोडा वेळ मुंग्यांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "आबा, मोबाईल द्या." मी नाही म्हणालो. त्याने चष्मा काढून जमिनीवर ठेवला आणि रडू लागला. रूपा झोक्यावरून आली.  तिने सुरतच्या गाड्यांची चौकशी करायला फोन काढला.

मी माळ्यावर गेलो. लाल दिवा चालू होता. अँटेना दक्षिणेकडेच. काही बदललं नव्हतं. मग बदललं काय? अशा वेळी शांतपणे सगळ्या नोंदी समोर ठेवायच्या असतात. चित्र असतं तेव्हा नूर घरी असतो. चित्र जातं तेव्हा नसतो. शुक्रवारी दुपारी तो मशिदीत जातो. सूर्यास्ताला इफ्तारच्या गडबडीत असतो. आज घराला कुलूप आहे.

कुलपाचा लहरींशी संबंध असू शकत नाही. मग राहिलं काय? मी खिडकीतून पाहिलं. समोर टाकी होती.

लोखंडी पत्रा. आत पाणी. लहरी टाकीवर आदळून खिडकीतून माळ्यावर येत होत्या. म्हणून दक्षिण! घरात माणसं असली की टाकी भरलेली असते. मी खिडकीतून त्याच्या गच्चीवर उतरलो आणि टाकी वाजवली. रिकामी. ईदच्या आंघोळींनी संपलेली. नळाला तर अजून दोन दिवस अवकाश.

काळी वायर माझ्याबरोबरच खिडकीबाहेर येते आणि टाकीमागून खाली नूरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरते. अर्थिंग ओल्या जागी हवं. बरोबर आहे.

आमचे तिन्ही ड्रम सणासाठी भरून ठेवले होते. टिल्लू मोटर लावली, पाइप माळ्यावरून खिडकीतून टाकीत सोडला. जोड गळत होता, तो लाल मुठीच्या पकडीने तार आवळून बंद केला. मोटर चालू. नवलला टीव्हीसमोर बसवलं.

"आबा, मुंग्या!"

"थांब. अर्धी पण भरली नाही."

कमल अंगणात आली. ड्रममध्ये पाहिलं. मग वर पाहिलं.

"आपलं बठ्ठं पानी त्यासनी टाकीमा वती दिन्हं?"

"प्रयोग आहे."

"पाव्हणी पोर घरमा शे! तिले काय प्रयोग पाजू?"

तिसरा ड्रम संपत आला आणि टाकी काठोकाठ भरली. चित्र नव्हतं. मी टाकीला हात लावून उभा राहिलो. पाणी गार होतं. मला फार मूर्खासारखं वाटलं. त्यातच नूरच्या जिन्यावर पावलं वाजली.

नूर नव्या कपड्यांत होता. मागे धुळ्याचे पाहुणे खाली बोलत होते. तो त्यांना घेऊन आला होता. त्याने मला पाहिलं, पाइप पाहिला, टाकीच्या काठावरून ओघळणारं पाणी पाहिलं.

"तोतारामभाऊ," तो म्हणाला. गेल्या वळवानंतरचं हे पहिलंच.

"टाकी रिकामी होती."

"माहीत आहे. धुळ्यापासून जरीना तेच बोलत होती. पाहुणे आणतोय, घरात पाणी नाही. नळ परवा." त्याने टाकीत वाकून पाहिलं. "ही तुमच्या ड्रमची?"

"हो."

त्याने टाकीच्या काठावरचं पाणी बोटाने पुसलं. "आखाजीला तुमच्यात घागर देतात. तुम्ही टाकीच दिली."

मी म्हणणार होतो की ते चित्रासाठी आहे. म्हणालो नाही. नंतर म्हणालोच. प्रयोग लपवू नये. "टाकी रिकामी झाली की माझं चित्र जातं, नूरभाई. लहरी हिच्यावरून येतात. एवढंच सांगायचं आहे की ही टाकी इथून हलवू नका."

नूर माझ्याकडे पाहत राहिला. मग आकाशाकडे. 

"सकाळी घाईत जरीनाने सगळी बटणं बंद केली," तो म्हणाला, "मला वाटलं होतं चालूच..." आणि थांबला.

"कसली बटणं?"

"घरातली."

त्याने माझ्या हातातली पक्कड पाहिली. लाल मुठीवर काळ्या चिकटपट्टीने 'नू' असं अक्षर काढलेलं आहे. ते मी आज नीट पाहिलं.

"ही कुठे मिळाली?"

"माळ्यावर."

"मांजर नेत असेल."

"मांजरच," मी म्हणालो. पक्कड त्याला दिली.

खालून त्याच्या घरातून कशिशचा आवाज आला आणि पाठोपाठ आमच्या घरातून नवलचा.

"आबा! आलं! आलं! अगदी स्वच्छ आलं!"

"बघितलंत?" मी म्हणालो. "भरली आणि आलं."

नूरने टाकीवर हात ठेवला. "मोठी चांगली टाकी आहे," तो म्हणाला. "नाही हलवणार. मेलो तरी नाही."

मग त्याने मला गळ्याशी घेतलं. कपड्यांना अत्तर होतं, माझे कपडे ओले होते. त्याचं हसणं खोकल्यासारखं सुरू झालं. मी कारण विचारलं नाही.

रात्री आम्ही दोन्ही घरांनी एकाच टाकीचं पाणी वापरलं. कमलने त्यांच्या नळाखाली आपली कळशी लावली. रूपाने सुरतच्या गाडीचं पुन्हा काही विचारलं नाही.

२३ एप्रिल, रविवार

सकाळी नूर चहाला आला. टीव्हीवर मुलांची चित्रं चालू होती आणि नवल झोपलेला होता. नूरने विचारलं, "तुम्हाला काय बघायचंय?" मी म्हणालो, "बातम्या. पण ते आपल्या हातात कुठे असतं?" "नसतं," तो म्हणाला. त्याने बशीतला चहा संपवला, हात लांब करून आमच्या मधल्या भिंतीवर दोन थापा मारल्या. बातम्या लागल्या. त्या आम्ही शेवटपर्यंत पाहिल्या.